टँकमधला मासा गायब झाला? शोधाचा क्रम चुकवू नका

काल बारा निऑन टेट्रा होते, आज नऊच दिसतात. वर मेलेला मासा तरंगत नाही, तळाशी पडलेला नाही, काट्याचा तुकडासुद्धा सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर टँकमधल्या सगळ्यात मोठ्या माशावर आळ घेऊन त्याला बादलीत काढतात, नाहीतर झाडं, दगड, खडी सगळं उपसून टँक मोकळा करतात. पहिल्या प्रकारात बऱ्याचदा चोर सोडून संन्याशाला फाशी होते. दुसऱ्यात तळाची घाण पाण्यात मिसळते आणि उरलेले नऊही धोक्यात येतात.

खालचे टप्पे एका साध्या हिशोबाने लावले आहेत: जो पुरावा लवकर नाहीसा होतो तो आधी बघायचा. जमिनीवर पडलेल्या माशाकडे मोजकी मिनिटं असतात. पाण्यातला अमोनिया, म्हणजे घाण आणि कुजण्यातून तयार होणारं विष, पाणी बदललं की पुसला जातो. दगडामागची पोकळी मात्र उद्याही तिथेच असणार आहे, तिची घाई नाही.

## आधी हाताशी काय ठेवायचं

- टॉर्च, आणि तिच्यावर लावायला लाल जिलेटिनचा किंवा पातळ लाल प्लास्टिकचा तुकडा
- टँकच्याच पाण्याने अर्धा भरलेला एक डबा
- अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं टेस्ट किट, शक्यतो थेंबांचं
- मऊ जाळी, सायफनची नळी आणि फक्त टँकसाठी राखलेली बादली
- क्लोरीन घालवणारं औषध
- रबरी हातमोजे
- वही आणि पेन, किंवा मोबाइलमधली नोंद

हातमोजे उगाच सांगितलेले नाहीत. आजारी माशांमधला मायकोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसाला होऊ शकतो. बोटाला साधी चीर असली तरी मोजे घाला. हात उघडेच घालणार असाल तर साबणाचा अंश राहणार नाही इतके स्वच्छ धुवा.

## टप्पा १: आधी जमीन, मग टँक

मोजणीसुद्धा नंतर. मासा कमी आहे अशी शंका आली की पहिली पाच मिनिटं टँकच्या बाहेर घालवा.

स्टँडच्या मागे, स्टँड आणि भिंतीमधल्या फटीत, वायरींच्या गुंत्यात, पायपुसण्याखाली आणि जवळच्या फर्निचरखाली बघा. उडी मारलेला मासा पडला तिथेच राहत नाही. तडफडत तो बराच लांब जातो, त्यामुळे टँकच्या चारही बाजूंना निदान दीड-दोन मीटर शोधा. सुकलेला छोटा टेट्रा वाळक्या पानाच्या तुकड्यासारखा दिसतो आणि झाडताना सहज केरात जातो, म्हणून सुपलीतला केरही एकदा बघून घ्या. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जमिनीवर काहीच न सापडणं हा मासा न पडल्याचा पुरावा नव्हे.

मासा सापडला आणि अंग अजून ओलसर असेल तर तो मेला असं लगेच ठरवू नका. हात टँकच्या पाण्यात ओले करा, मासा अलगद उचला आणि डब्यातल्या पाण्यात सोडा. कल्ले हलताहेत का ते बघा. चिकटलेली धूळ चोळून काढू नका, पाण्यात हलकेच फिरवलं की ती सुटते. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर डब्यात लावा. अगदी मेल्यासारखे दिसणारे मासे यातून उठतात.

थांबा: नळाचं पाणी वापरू नका. आधीच अर्धमेल्या माशाला क्लोरीनचा धक्का सोसत नाही.

आता झाकण बघा. पूर्ण झाकण असूनही मासे बाहेर जातात, कारण पाइप, वायर आणि खाणं टाकायच्या खाचेभोवतीची फट कोणी मोजत नाही. कुहली लोच या सापासारख्या बारीक माशाला बोटाएवढी जागा पुरते. हॅचेटफिश, किलीफिश, डॅनियो, रासबोरा आणि फायटर हे उडी मारण्यात पटाईत. काचेच्या वरच्या कडेला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला खवला मिळाला तर निम्मं उत्तर मिळालं.

उरलेलं निम्मं म्हणजे त्याने उडी का मारली. पाठलाग, बिघडलेलं पाणी, कमी प्राणवायू, अंधारात अचानक लागलेला दिवा, ही नेहमीची कारणं. त्यामुळे जमिनीवर मासा सापडला तरी पुढचा टप्पा सोडू नका.

## टप्पा २: पाणी बदलण्याआधी पाणी तपासा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मासा दिसत नाही म्हटल्यावर घाबरून अर्धं पाणी बदलतात आणि मग टेस्ट करतात. आकडे छान येतात आणि काहीच कळत नाही.

आधी नमुना काढा, मग बाकी सगळं. व्यवस्थित बसलेल्या, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू रुळलेल्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली असलेलं बरं. तापमान आणि पीएचही लिहून ठेवा, कारण पीएच ८ च्या वर असेल तर तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो.

आकड्यांचा अर्थ लावताना दोन सापळे आहेत. अमोनिया आला म्हणजे त्यानेच मासा मेला असं नाही. कुठेतरी सडणाऱ्या माशामुळेही तो आलेला असू शकतो. उलट अमोनिया शून्य आला म्हणजे आत मेलेला मासा नाही, असंही नाही. मोठ्या, दाट झाडांच्या टँकमध्ये एखादा निऑन कुजला तर फिल्टरमधले जिवाणू ते सहज पचवतात आणि किटमध्ये काहीच दिसत नाही.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर साधारण ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन घालवलेलं आणि टँकच्या तापमानाचं हवं. त्या दिवशी खाणं बंद ठेवा आणि पुढचे टप्पे उद्यावर ढकलू नका. दोन्ही शून्य असतील तर पाण्याला हात लावू नका, शांतपणे पुढे जा.

खात्री करा: उरलेले मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताहेत का? तसं असेल तर आकडे चांगले असले तरी आधी एअर पंप चालू करा. तळाशी राहणाऱ्या कोरीडोरास माशाने अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं मात्र नेहमीचंच आहे, त्याला यात धरू नका.

## टप्पा ३: खरी मोजणी

गायब झालेल्या माशांपैकी बरेच मुळात गायब नसतातच. मोजणी चुकीच्या वेळी केलेली असते.

रात्रभर अंधारात राहिल्यावर निऑनचा निळा-लाल रंग फिका पडतो. सकाळी दिवा लावल्या लावल्या मोजलं तर झाडाच्या सावलीतले दोन-तीन सुटतातच. दिवा लावून अर्धा तास जाऊ द्या. मग एका कोपऱ्यात थोडं खाणं टाका आणि थवा जमला की मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पोहणाऱ्या माशांवर बोट फिरवत मोजू नका. व्हिडिओ थांबवून एकाच चित्रात मोजा. एका चित्रात एकच मासा दोनदा येऊ शकत नाही, हाच त्याचा फायदा. दिवसभरात तीन-चार वेळा असं करा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. सरासरी काढण्यात काही अर्थ नाही.

तळाशी राहणाऱ्यांसाठी ही पद्धत चालत नाही. दिवे बंद केल्यावर बुडणारी गोळी टाका, तासाभराने लाल प्रकाशात बघा. कुहली लोच रेतीत पुरून घेतात, सकरमासा ड्रिफ्टवूडच्या (टँकमधल्या शोभेच्या लाकडाच्या) पोटात दिवस काढतो, ओटो हे शेवाळ खाणारे छोटे मासे पानाच्या मागच्या बाजूला चिकटून बसतात. कुहली लोच कित्येक आठवडे दिसला नाही आणि एक दिवस टुणटुणीत बाहेर आला, हे इतकं सर्रास घडतं की एवढ्यात त्याला मेलेल्यांत धरू नये. नव्याने आणलेले मासे, नुकतंच मार खाल्लेले मासे आणि पिल्लं द्यायला आलेली गप्पी किंवा मॉली हेसुद्धा दडून राहतात.

आणखी एक गोष्ट. आधीचा आकडा तुम्हाला नक्की माहीत आहे का? पिशवीत दहा मासे दिले असं सांगितलं म्हणून दहा धरलेले असतात. पिशवी उघडण्याआधी उजेडासमोर धरून कोणीच मोजत नाही. वहीत तारीख आणि स्वतः मोजलेला आकडा नसेल तर आजचा आकडा हीच सुरुवात समजा.

## टप्पा ४: फिल्टर आणि यंत्रांच्या मागे

फिल्टर आणि हीटर दोन्हींचे प्लग काढा. हीटर पाण्याबाहेर काढायचा असेल तर आधी १५-२० मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या, नाहीतर काच तडकते.

टँकच्या काठावर टांगलेल्या फिल्टरची पेटी उघडून बघा. उडी मारलेला मासा तिच्यात पडून जिवंत पोहत असतो, विशेषतः पिल्लं. आतल्या फिल्टरच्या मागची फट, सम्प (टँकखालची फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर पाणी खाली जाणारा कप्पा आणि ती टाकी, हीटर आणि काचेमधली जागा, पाठीमागच्या चित्रफलकाची पोकळी, हे सगळं बघा. सकरमासे अशा फटीत घुसतात आणि त्यांना मागे फिरता येत नाही.

पाणी ओढणाऱ्या जाळीला मासा चिकटलेला सापडला की फिल्टरने मारला असा निष्कर्ष लगेच निघतो. धडधाकट तीन सेंटिमीटरचा मासा नेहमीच्या फिल्टरची ओढ सहज मोडून निघतो. तो जाळीला चिकटला म्हणजे आधीच मरायला टेकला होता किंवा मेला होता. याला अपवाद पिल्लं आणि छोट्या कोळंब्यांचा. त्यांच्यासाठी जाळीवर स्पंज लावणं आवश्यकच.

थांबा: हे काम पटकन उरका. फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतले उपयोगी जिवाणू मरायला लागतात. स्पंज घाण दिसला म्हणून नळाखाली धरू नका, बादलीतल्या टँकच्याच पाण्यात पिळा. आणि चालू करायला विसरू नका. हीटर आणि फिल्टर रात्रभर बंद राहिल्याने जे नुकसान होतं ते एका हरवलेल्या माशापेक्षा मोठं असतं.

## टप्पा ५: टँकच्या आत, पण उपसाउपसी न करता

टॉर्च समोरून न मारता बाजूच्या काचेला टेकवा. आडव्या प्रकाशात झाडांमागचं पांढुरकं शरीर लगेच उठून दिसतं.

एरवी टँकभर विखुरलेल्या गोगलगायी एकाच जागी जमल्या असतील, कोळंब्या एका खोबणीतून हलायला तयार नसतील, तर मेलेला मासा बहुधा तिथे आहे. कापसासारखी बुरशी आणि वरून येणारा आंबूस वास याही खुणा. पोकळ शोभेच्या वस्तू एकेक करून पाण्यातच हलकेच तिरक्या करा, मग डब्यात धरून झटका. अरुंद भोकात शिरलेला मासा वाढल्यावर आतच अडकतो. ज्या वस्तूत शिरायला एकच भोक आहे ती परत टँकमध्ये न ठेवलेली बरी.

एका दिवशी टँकचा अर्धाच भाग बघा. उरलेला दुसऱ्या दिवशी. माशांना पळायला जागा राहते आणि घाणही एकदम उठत नाही. जाड रेतीच्या थरात खोलवर बोटं घालू नका. काळे पट्टे दिसत असतील तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो, आणि तो माशांना घातक आहे.

काहीच सापडलं नाही तर आकाराचा विचार करा. कोमट पाण्यात, म्हणजे २६ ते २८ अंश सेल्सिअसला, गोगलगायी, कोळंब्या आणि इतर मासे मिळून मेलेल्या निऑनचा एका दिवसात फडशा पाडतात. मागे काही उरत नाही. त्यामुळे छोटा मासा मागमूस न ठेवता जाणं यात रहस्य फारसं नाही. मेला आणि खाल्ला गेला, हीच सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट आहे. पण दहा-बारा सेंटिमीटरचा मासा रात्रीत संपत नाही. त्याचं डोकं आणि पाठीचा काटा कुठेतरी राहतोच. तेवढा मोठा मासा काहीच खूण न ठेवता गेला असेल तर टप्पा १ आणि ४ पुन्हा करा.

## टप्पा ६: संशयिताचं तोंड बघा

इथे येईपर्यंत कोणालाही बादलीत काढलेलं नसावं.

प्रश्न स्वभावाचा कमी आणि मापाचा जास्त आहे. जो मासा तोंडात मावतो तो आज ना उद्या तोंडात जातो. हरवलेल्या माशाची उंची आणि संशयिताच्या उघड्या तोंडाचा घेर यांची तुलना करा. नेहमीचं उदाहरण एंजलफिशचं. आणताना तो नाण्याएवढा असतो आणि निऑनसोबत गुण्यागोविंदाने राहतो. पुढे तो १५ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, निऑन तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. मग ‘इतके महिने काही केलं नाही’ या युक्तिवादाला अर्थ उरत नाही. मोठी गोरामी आणि सिक्लिड यांचंही तसंच. पिक्टससारखे मिशाळ मासे दिवसा गरीब दिसतात आणि निऑन झोपल्यावर कामाला लागतात.

मासे नसलेले शिकारीही असतात. लांब चिमट्यांची कोळंबी अनेकदा साध्या काचेरी कोळंबीच्या घोळक्यातून येते. झाडांसोबत चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या कीटकांच्या अळ्या येतात. या अळ्या दिवसभर मुळांत दबून बसतात आणि खालचा जबडा झटक्यात पुढे फेकून पिल्लं आणि कोळंब्या पकडतात. मोठी झालेली चतुराची अळी छोट्या माशालाही सोडत नाही. पिल्लं गायब होत असतील तर मात्र लांब शोधायला नको: गप्पी, मॉली, प्लॅटी स्वतःचीच पिल्लं खातात.

रात्रीची पाहणी अशी करा:

1. दिवे नेहमीच्या वेळी बंद करा. खोलीही अंधारी ठेवा.
2. तासभर टँककडे फिरकू नका.
3. लाल प्रकाशाची टॉर्च घेऊन थोडं लांब बसा. पांढरा प्रकाश मारला की सगळे आपापल्या जागी पळतात.
4. दहा-पंधरा मिनिटं बघा. कोण फिरतंय आणि कोण थव्याच्या जवळ घुटमळतंय, तेवढंच लिहा.
5. सकाळी खाण्याला कोण आलं नाही आणि कोणाचं पोट फुगलेलं आहे, ते बघा.

खात्री करा: फुगलेलं पोट, किंवा तोंडात अर्धा मासा, हाही शिकारीचा पक्का पुरावा नाही. मेलेला मासा मिळाला तर शांत स्वभावाचे मासेही तो खातात. ‘खाल्ला कोणी’ आणि ‘मारला कोणी’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. उरलेल्या माशांचे पर फाटलेले असतील, थवा एका कोपऱ्यात दाटून राहत असेल, आणि पाणी निर्दोष असूनही दर एक-दोन रात्रींनी एकेक कमी होत असेल, तर शिकाऱ्याचा संशय घ्या. पर दिवसा फाटत असतील तर टायगर बार्बसारख्या चावऱ्यांकडे बघा. ते गिळत नाहीत, पण त्रासाने मासा खचतो, मरतो आणि मग इतरांच्या पोटात जातो.

संशय पक्का वाटला तर त्या माशाला दुसऱ्या चालू टँकमध्ये हलवा. झाकण नसलेल्या बादलीत ठेवून उडी मारायला लावू नका. दोन आठवडे मोजणी चालू ठेवा. आकडा तरीही घसरत राहिला तर संशयित निर्दोष होता, पुढचा टप्पा बघा.

## टप्पा ७: हळूहळू गळती असेल तर आजार

आठवड्याला एक, कधी दोन, आणि शरीर कधीच सापडत नाही. याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं, कारण मेलेला मासा समोर नसतो. म्हणून जिवंत असलेल्यांकडे बघावं लागतं.

निऑनमध्ये थव्यापासून एकटा राहणारा मासा शोधा. पाठीवर फिकट पांढरट डाग, रंगाच्या पट्टीत पडलेला खंड, नंतर वाकडा कणा, ही निऑन टेट्रा रोगाची लक्षणं. यावर खात्रीचा उपाय नाही. आणि मेलेला रोगी मासा दुसऱ्यांनी खाल्ला की रोग त्यांच्यात जातो, म्हणजे ‘खाऊन टाकतील, साफसफाई होईल’ हा विचार इथे महागात पडतो. असा मासा जिवंत असतानाच वेगळा काढा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, दगडाला अंग घासणं, मिटलेले पर, धापा टाकणारे कल्ले, यातलं काही दिसलं तर त्या आजाराप्रमाणे उपचार करा. काहीच लक्षण नसताना ‘असू दे’ म्हणून औषध ओतू नका. अनेक औषधांत तांबं असतं, ते कोळंब्या आणि गोगलगायींना मारतं, आणि त्या एकदम मेल्या की अमोनियाचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

वयही विसरू नका. गप्पी साधारण दोन वर्षं जगते. एकाच वेळी आणलेला थवा एकाच सुमारास संपायला लागतो.

## टप्पा ८: छडा लागला नाही तर

सगळं करूनही मासा सापडत नाही, असं अनेकदा होतं. मग एवढं करा:

- तीन-चार दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा.
- झाकणाच्या फटी जाळीने किंवा स्पंजने बुजवा आणि पाण्याची पातळी काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा.
- खाणं थोडं कमी करा. न दिसणारं काही कुजत असेल तर वर खाण्याचा भार नको.
- आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, व्हिडिओवरून मोजून आकडा लिहा.

कमी झालेली संख्या भरून काढायची घाई करू नका. आकडा निदान दोन आठवडे स्थिर राहू द्या. नवे मासे आणले की पिशवीतच मोजा, दोन ते चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा, आणि मुख्य टँकमध्ये सोडताना दिवे बंद ठेवून सोडा. पहिले काही दिवस झाकणाला एकही फट नको, कारण नवे मासे सर्वांत जास्त उड्या याच दिवसांत मारतात.